आमच्या सोसायटीतलं लोखंड

खरं तर हे मी तुम्हाला सांगू नये. धंद्याच्या दृष्टीने तर मुळीच सांगू नये. पण चहा तुमचा आहे, माझं तोंड रिकामं आहे आणि घरी जायची मला काही घाई नाही. तेव्हा ऐकाच. माणसाची फजिती होते ती एखाद्या ठिकाणी होते. माझी अकरा घरांत झाली! आणि तीही लेखी, सही-शिक्क्यासकट!

आधी माझा धंदा सांगतो. मी काँक्रीटला भोकं पाडतो. हसू नका. लिंबायतला कापडाच्या लूमवर साचे चालवायला म्हणून पारोळ्याहून आलो, शिक्षण आठवी. साच्याच्या खडखडाटाने कान जायला लागले तेव्हा भाड्याचं ड्रिल घेतलं आणि लोकांच्या भिंतींना भोकं पाडायला लागलो. त्यातून दुसरं ड्रिल, मग स्लॅब कापायचं मशीन, मग डिंडोलीला दुकान आणि दुकानाच्या मागच्या सोसायटीत सात नंबरचं रो हाउस. सगळं भोकांच्या जिवावर!

पण भोक पाडण्यात एक गोम असते. स्लॅबच्या आत काय आहे ते वरून दिसत नाही. सळई असते, लाइटचा पाइप असतो, पाण्याचा पाइप असतो. आंधळेपणाने ड्रिल मारलं की एक तर सळई तुटते, नाही तर कारंजं उडतं, नाही तर ड्रिलवाला उडतो. म्हणून गेल्या वर्षी मी ते रडारचं मशीन घेतलं. इस्त्रीपेक्षा जरा मोठी पेटी, खाली चार चाकं, वर एक पडदा. लादीवरून हळूहळू ढकलत न्यायचं. सळई ओलांडली की पडद्यावर छोटीशी टेकडी उमटते. एक टेकडी, मग सपाट, मग दुसरी टेकडी. टेकड्या मोजायच्या, लाल खडूने खुणा करायच्या. लाल खूण म्हणजे इथे हात लावायचा नाही. मधल्या जागेत खुशाल भोक पाडा. इतकं सोपं.

विकणाऱ्याने दुकानात येऊन करून दाखवलं, मी मोबाइलवर चार व्हिडिओ बघितले आणि झालो की शास्त्रज्ञ!

आता इथे जरा थांबतो. कारण गोष्ट खरी इथे सुरू होते.

माझी बायको सुमन. माझ्या घरात आलेलं प्रत्येक मशीन आधी तिने ओवाळलंय. पहिल्या ड्रिलला तर तिने हळद-कुंकू लावून असं दटावलं होतं, की "जपीसन ऱ्हाय भो, माले एकच नवरा शे." ड्रिल जपून राहिलं. मीही राहिलो. तीच गेली, तीन वर्षांपूर्वी. मुलगा पुण्याला, रविवारी फोन करतो. मुलगी धुळ्याला, तिचा फोन यायला वार लागत नाही, पण तिला तिचं घर आहे. मी सात नंबरमध्ये एकटा. सकाळी दूध उतू जाऊ नये म्हणून पातेल्याशी बोलतो. पातेलं ऐकत नाही.

तर दसरा आला. नवीन मशीन पाटावर मांडलं. फूल वाहिलं, कुंकू लावलं, आणि ओवाळायची वेळ आली तेव्हा लक्षात आलं की ओवाळायला कोणी नाही. आपणच मशीन घ्यायचं, आपणच ओवाळायचं? बरं नाही वाटलं. म्हणून मी कपाटातून सुमनची जोडवी काढली. चांदीची, झिजलेली, पायाच्या बोटांचा आकार घेतलेली. म्हटलं, तू ओवाळू शकत नाहीस, निदान सोबत तरी राहा. आणि ती दोन्ही जोडवी मशीनच्या पोटाला काळ्या चिकटपट्टीने घट्ट चिकटवली. पोट सपाट होतं, जागा छान होती. वरून कोणाला दिसायचं कारण नाही.

तुम्ही आत्ताच हसायला लागलात? म्हणजे तुम्ही माझ्यापेक्षा शहाणे आहात. त्या दिवशी तिथे हवे होतात.

त्या मशीनचं पहिलं काम निघालं ते आमच्या शेजारी, आठ नंबरला. धनसुखभाई आणि कोकिळाबेन. धनसुखभाईंचं खाली साड्यांच्या लेसचं दुकान, वर राहतं घर. माणूस पाच फूट, आवाज सहा फूट. सुमन गेल्यापासून माझा सकाळचा आठचा चहा त्यांच्या ओट्यावर. दिवसभरात माझ्याशी धंद्याशिवाय कोणी काही बोलत असेल तर ते हे दोघं.

कोकिळाबेन मागच्या वर्षी पडल्या. खुब्याचं ऑपरेशन झालं, पण जिना काही जमेना. न्हाणीघर वर, झोपायची खोली वर. मग काय, वरच अडकल्या. ओट्यावरच्या चहाला आम्ही दोघंच उरलो आणि त्या वरच्या गॅलरीतून ओरडून गप्पांत भाग घ्यायच्या. बडोद्याचा मुलगा म्हणत होता, घर विका आणि माझ्याकडे चला.

धनसुखभाईंनी एक दिवस बशीतला चहा संपवला आणि म्हणाले, "आप्पाभाई, घरमां नानी, छोटीशी लिफ्ट बसवायची. स्लॅब कापून. बसली तर आम्ही इथेच मरणार. नाही बसली तर दिवाळी पछी बडोदा. तू तुझा मशीन फेरव नी."

आता सांगा, या कामात मी काही कसर ठेवीन का? त्यांची लिफ्ट बसणं म्हणजे माझा चहा राहणं! दिवाळीनंतरच्या लाभपाचमेच्या आत काम करायचं ठरवून मी मशीन घेऊन वर गेलो. कोकिळाबेन खुर्चीत बसून बघत होत्या. लादीवर मशीन ठेवलं, सुमनचं नाव घेतलं आणि ढकललं.

पडद्यावर टेकडीबिकडी काही नाही. या टोकापासून त्या टोकापर्यंत एक जाड, काळीभोर, सरळ रेघ!

आडवं फिरवलं, रेघ. उभं फिरवलं, रेघ. कोपऱ्यात, पलंगाखाली, देवघरासमोर, सगळीकडे रेघ. मी माहितीपुस्तक उघडलं. त्यात लिहिलं होतं, 'सलग सरळ रेघ दिसल्यास धातूचा अखंड पत्रा असू शकतो.' त्याच्या पुढेही एक ओळ होती. पण शास्त्रज्ञ माणूस पुढची ओळ कशाला वाचतो?

"धनसुखभाई," मी खुर्ची ओढून बसलो, "तुमच्या स्लॅबमध्ये सळई नाही."

"नाही?"

"पत्रा आहे. अख्खा लोखंडाचा. आपल्या बिल्डरने स्लॅबमध्ये लोखंडी प्लेट घातलीय. हे कापायला गेलो तर घर हलेल."

"एवढा कंजूस माणूस, आणि प्लेट?"

"मशीन खोटं बोलत नाही."

हे वाक्य मी त्या पंधरवड्यात किती वेळा बोललो असेन! बडोद्याच्या मुलाने लेखी मागितलं, म्हणून दुकानाच्या कागदावर लिहून दिलं. 'स्लॅबमध्ये अखंड धातू. कापणे धोक्याचे.' खाली सही, शिक्का. स्वतःच्या चहाला स्वतःच्या हाताने नकार लिहिणं काय असतं ते तुम्हाला नाही कळायचं. कोकिळाबेननी फक्त माझा कप भरून द्यायला सांगितला.

आता तुम्ही म्हणाल, इथे किस्सा संपला. छे! इथे तो सुटला.

ती चिठ्ठी सेक्रेटरीने वाचली. हे सेक्रेटरी म्हणजे दोन नंबरचे निवृत्त मास्तर, त्यांना लेखी कागदाचं भारी वेड. ते आले, "आप्पा, आमचंही बघा." बघितलं. रेघ! चार नंबर, रेघ! नऊ नंबर, बारा नंबर, रेघ, रेघ! आठवडाभरात अकरा घरं झाली आणि अकराही घरांत लोखंडी पत्रा. अकरा चिठ्ठ्या, अकरा शिक्के.

गंमत बघा. पंधरा वर्षं आमची सोसायटी त्या बिल्डरला शिव्या घालत होती. पावसाळ्यात गळलं की शिव्या, लादी उचकटली की शिव्या. आणि एका आठवड्यात तो माणूस संत झाला! बायका म्हणायला लागल्या, "बिचारा वरून कंजूस, आतून सोनं." डिंडोलीच्या नाक्यावर आमच्या सोसायटीला 'लोखंडी सोसायटी' म्हणायला लागले. घरांना गिऱ्हाइकं यायला लागली. आणि सगळ्यात आधी गिऱ्हाईक कोणाच्या घराला आलं?

आठ नंबरच्या! धनसुखभाईंच्या! कडोदऱ्याचा एक लूमवाला. तो म्हणाला, असं मजबूत घर मला पाहिजेच, सोमवारी येऊन पक्कं करतो.

म्हणजे मी एका चिठ्ठीने त्यांची लिफ्ट बंद केली आणि त्याच चिठ्ठीने त्यांच्या घराला गिऱ्हाईक आणून दिलं. शेजारी घालवायचा इतका पक्का बंदोबस्त दुश्मनानेही केला नसता.

सोमवारच्या आधीचा रविवार. मास्तरांनी ठरवलं, बिल्डरचा सत्कार करायचा. सोसायटीच्या आवारात मंडप, शाल, श्रीफळ, नाश्त्याला खमण. कोकिळाबेनना चार जणांनी खुर्चीसकट खाली आणलं होतं. त्या पुढच्या रांगेत बसल्या. सगळे त्यांना भेटून "बडोद्याला जाऊन आम्हाला विसरू नका" म्हणत होते आणि त्या मान हलवत होत्या. मी त्यांच्याकडे बघायचं टाळत होतो.

बिल्डर आला. वाकलेला, काठी टेकत. शाल अंगावर पडली तसा तो माझ्या कानाशी आला आणि हळूच म्हणाला, "भाई, एटलुं लोखंड में नांख्युंज नथी."

मी त्याचा हात दाबला. म्हटलं, "काका, मोठी माणसं आपलं पुण्य विसरतात."

"अरे पण मला विसरायला लोखंड आणावं तर लागेल ना! मी आठ-आठ इंचावर साध्या सळया टाकल्या होत्या. पत्रा कुठून आला?"

"मशीन खोटं बोलत नाही," मी म्हणालो.

मास्तरांनी माइक घेतला. "आता आपले आप्पा प्रात्यक्षिक दाखवतील. आधी जिथे लोखंड नाही अशा वस्तूवर मशीन फिरवा, म्हणजे लोकांना फरक कळेल." पडदा मोठ्या टीव्हीला जोडला होता. कोणीतरी सागवानी पाट आणला. मी ऐटीत मशीन पाटावर ठेवलं आणि ढकललं.

टीव्हीवर रेघ. जाड, काळीभोर.

"पाटात खिळा असेल," मी म्हणालो.

पाट बदलला. रेघ. "याच्यातही खिळा?" मागून कोणीतरी विचारलं. धनसुखभाईंनी दुकानातून लेसचं गाठोडं आणून ठेवलं. गाठोड्यावरून फिरवलं. रेघ! कोणाच्या तरी घरून कापसाची गादी आली. गादीत रेघ!

आवारात इतकी शांतता पसरली की खमणवरच्या माशा ऐकू येत होत्या. मग बारा नंबरचा रिक्षावाला शांतपणे म्हणाला, "आप्पा, खमणवरून फिरवा ना एकदा. दात सांभाळून खाऊ."

काय सांगू तुम्हाला, हसण्याची जी लाट आली! माझ्या कानशिलातून घामाची धार. मी गडबडीने मशीन उचललं, उलटसुलट बघायला लागलो. मला काही दिसेना. चष्मा कुठे ठेवला तेही सापडेना. तो कपाळावर होता, हे नंतर कळलं.

कोकिळाबेन खुर्चीत बसलेल्या, म्हणजे त्यांची नजर बरोबर मशीनच्या पोटाच्या उंचीला. अकरा घरांच्या लाद्यांवर घासून घासून चिकटपट्टी झिजली होती. त्यांनी हात पुढे केला.

"भाई, जरा अहीं लावो तो." मशीन त्यांच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी नखाने पट्टी उचकटली आणि दोन्ही जोडवी तळहातावर घेतली. "आ तो सुमनबेनना विंछिया छे."

हसणं थांबलं. मास्तरांनी माइक खाली ठेवला. आयुष्यात पहिल्यांदाच असेल.

मग मशीन रिकाम्या पोटाने पाटावरून फिरवलं. पडदा स्वच्छ. रेघ नाही, काही नाही. मग आवारातल्या काँक्रीटवरून फिरवलं. टेकडी, सपाट, टेकडी, सपाट. आठ-आठ इंचावर. बिल्डरने पडदा बघून मोठा सुस्कारा सोडला आणि विचारलं, "शाल परत द्यायची का?"

माहितीपुस्तकातली ती पुढची ओळ मी त्या दिवशी वाचली. 'प्रथम मशीनच्या तळाला काही चिकटलेले नाही याची खात्री करा.' सुमन असती तर तिने वाचायचीही वाट बघितली नसती. तिचं माझ्याबद्दल एकच म्हणणं असायचं, "तुमले हातमानं बी दिखत नही!" दुसऱ्यांच्या भिंतीतलं शोधायला निघालेल्या माणसाला स्वतःच्या हातातलं दिसत नाही.

मी खुर्चीत मान खाली घालून बसलो होतो. कोकिळाबेन जोडव्यांकडे बघत धनसुखभाईंना म्हणाल्या, "जुओ नी, सुमनबेन घेरघेर फरी आवी." खरंच की. संक्रांतीला हळदी-कुंकवाला जायची तशी अकरा घरं फिरून आली होती. आणि प्रत्येक घरात मी तिला पत्रा म्हणून लिहून दिलं होतं!

सोमवारी कडोदऱ्याचा लूमवाला आला, तेव्हा धनसुखभाईंनी त्याला खमण खाऊ घातलं आणि घर विकायचं नाही म्हणून सांगितलं. मी अकरा चिठ्ठ्या परत गोळा केल्या, अकरा घरं फुकट तपासून दिली. मग आठ नंबरचा स्लॅब परत बघितला. छान टेकड्या आल्या. तुळई कुठे, लाइटचा पाइप कुठे, सगळं स्पष्ट. इंजिनियरने येऊन कुठे कापायचं ते आखून दिलं, आधाराला लोखंडी गर्डर सांगितले, आणि लिफ्टचा मार्ग मोकळा झाला.

इथे संपवलं असतं तर माझी थोडी तरी इज्जत राहिली असती. पण नाही.

स्लॅब तपासताना कोकिळाबेन म्हणाल्या, "भाई, विंछिया मशीनमां केवा देखाय, मने बतावो." मी एक जोडवं लादीवर ठेवलं. वरून मशीन नेलं. पडद्यावर रेघ नव्हती, एक छोटीशी, एकटी टेकडी होती. आम्ही दोघं जरा वेळ बघत बसलो. मी लाल खडूने त्या जोडव्याभोवती गोल काढला, "हे बघा, असं दाखवतं." मग जोडवं उचलून खिशात ठेवलं.

गोल पुसायचा राहिला!

दुसऱ्या दिवशी माझा ड्रिलवाला सुकलाल लिफ्टच्या वायरीसाठी भोक पाडायला आला. वीस वर्षं माझ्याकडे आहे, शिस्तीचा माणूस. लाल खूण दिसली, म्हणजे इथे हात लावायचा नाही. त्याने भोक तीन फूट लांब, पलीकडे दाराजवळ पाडलं. वायर तीच, मापाने कापून आणलेली. ती खाली येता येता संपली. त्यामुळे लिफ्टची मेन कळ दुकानात लेसच्या कपाटाच्याही वर, छताजवळ बसली. धनसुखभाई पाच फूट. स्टुलावर चढले तरी हात पोचत नाही. मी उंच, स्टुलावरून पोचतो.

आता रोज सकाळी आठ वाजता मी आठ नंबरला जातो, स्टुलावर चढून हात वर करतो आणि कळ दाबतो. लिफ्ट घरघरत वर जाते, कोकिळाबेनना घेऊन खाली येते आणि आम्ही तिघं ओट्यावर चहा पितो.

परवा धनसुखभाई म्हणाले, "आप्पाभाई, किती दिवस हे करणार? इलेक्ट्रिशियनला बोलावू, दहा मिनिटांत कळ खाली आणेल."

मी म्हटलं, "नको नको. त्या भिंतीला हात नका लावू. मी मशीनने बघितलंय. सगळी सळई आहे."

लिफ्टचं दार उघडत कोकिळाबेन म्हणाल्या, "भाई, ते सळिया बी सुमनबेननाच का?"